बोरसे साहेबांचं हुशार घर

बोरसे साहेबांना मी कधी हाताने दिवा लावताना पाहिलं नाही. ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा त्यांच्या घराच्या भिंतींवर चांगली पांढरी बटणं होती. वर्षाच्या आत ती सगळी गेली. त्यांनी बोर्ड उखडले, खोबणींत कसल्याशा हिरव्या पट्ट्या बसवल्या, वरून प्लास्टर मारून घेतलं आणि भिंती इतक्या गुळगुळीत केल्या, की अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाताला काही म्हणजे काही लागू नये.

"बटण ही मागासलेपणाची खूण आहे, वहिनी," ते मला म्हणाले होते. "माणसाने उठायचं, भिंतीपाशी जायचं, बोट दाबायचं. कशासाठी? अंधार झालाय हे घराला कळत नाही का?"

मी म्हटलं, "आमच्या घराला नाही कळत. आम्हालाच कळतं."

ते हसले. अडाणी माणसाच्या विनोदाला शिकलेला माणूस हसतो तसं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते, म्हणजे त्यांच्या लेखी मी बटणाच्याच जमान्यातली.

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे साहेबच म्हणत. जळगावच्या एका बँकेत ते अधिकारी होते, मुदतीआधी निवृत्ती घेऊन इकडे आले. बँकेत काय करत होते कोण जाणे, पण निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या घराला बुद्धी देण्याचं काम हाती घेतलं. अंगकाठी किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. लग्नकार्यातही तो टेस्टर खिशातच. हातात फोन, तोही आरतीच्या तबकासारखा आडवा धरलेला. तो फोन पुढे करून ते घरभर फिरत आणि मध्येच थबकून "इथे रेंज आहे... इथे नाही... इथे आहे" असं पुटपुटत. नव्या माणसाला वाटावं, गृहस्थ जमिनीतलं पाणी शोधताहेत.

जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचं ठाणं होतं. पत्त्यांच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर, त्याला लटकलेल्या वायरी, कथिलाच्या वासाची डाग देण्याची कांडी आणि तऱ्हेतऱ्हेच्या डब्या. एक डबी दार उघडलं की सांगे, एक खोलीत कोणी हललं की सांगे, एक नुसतीच हवेतला ओलावा मोजे. धुळ्याच्या हवेतला ओलावा! वैशाखात तो आकडा ते ज्या कौतुकाने पाहत, त्या कौतुकाने त्यांनी बायकोच्या तोंडाकडे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

बायको म्हणजे शैलावहिनी. यावलचं माहेर, केळीच्या बागायतदारांची मुलगी, बोलायला मऊ. तिला साहेब 'ए' म्हणत. "ए, चहा टाक." पण बैठकीत एक गोल बोलकं डबडं ठेवलं होतं, त्याला मात्र 'मॅडम'. "मॅडम, हॉल का पंखा चालू कीजिए." मॅडमना मराठी नीट येत नव्हतं म्हणून त्यांच्याशी हिंदीत बोलायचं. त्यांचा आवाज गोड होता, आणि त्या कधी उलटून बोलत नसत. त्यांना समजलं नाही तर साहेब तीनतीनदा सांगत, आवाज न चढवता, शब्द सुटे करून. शैलावहिनीला समजलं नाही तर एकदाच सांगत, तेही ओरडून.

काही ना काही रोज बिघडे. बिघडलं की साहेब कोनाड्यात शिरत. तासाभराने आतून आवाज येई, "सापडला!" म्हणजे दोष सापडला. तो दोष नेहमी दुसऱ्याचा असे. कधी लाइटवाल्यांचा, कधी स्वस्त मालाचा, कधी इंटरनेटवाल्याचा. एकदा तो शैलावहिनीचा निघाला. तिची स्टीलच्या डब्यांची मांडणी म्हणे वाय-फाय खात होती. "स्टील सिग्नल खातं, वहिनी, शास्त्र आहे," असं मला समजावून त्यांनी ती मांडणी मागच्या गॅलरीत हलवली. त्यानंतर शैलावहिनी साखरेसाठी गॅलरीत, पोह्यांसाठी गॅलरीत, शेंगदाण्यांसाठी गॅलरीत. एकदा मांजराने तुपाचा डबा पाडला तर साहेब म्हणाले, "गॅलरीत पण एक सेन्सर लावतो. मांजर आलं की मॅडम ओरडतील."

मॅडम ओरडल्या. मांजर त्यांच्याकडे बघत बसलं.

साहेबांसारखे आणखी काही जण जळगाव-भुसावळकडे होते. त्यांचा फोनवर एक गट होता आणि रविवारी कोणाच्या तरी घरी बैठक. तिथे हे एकमेकांचे दिवे लावून बघत आणि एकमेकांना शाबासकी देत. घरी आले की साहेबांच्या अंगात नवा उत्साह. सोमवारी हमखास काहीतरी बंद पडे.

पारोळ्याहून त्यांचे मामा-मामी रसाच्या जेवणाला आले होते, त्या दिवसाची हकीकत सांगितल्याशिवाय साहेब कळायचे नाहीत. मामा म्हणजे साहेबांच्या आईचा धाकटा भाऊ. आई त्यांच्याजवळच राहायची, तिला सगळी कॉलनी माय म्हणे. भाऊ बऱ्याच दिवसांनी येणार म्हणून माय आदल्या दिवसापासून खुशीत होती. आम्हालाही बोलावलं होतं. मे महिना, ऊन असं की अंगणात भाकरी टाकली तर भाजून निघावी. आणि नेमकं त्याच सकाळी साहेबांनी घराला अपडेट दिला. पाहुण्यांना नवीन काही दाखवावं, हा हेतू.

पानं वाढली. आमरस, पुरणाच्या पोळ्या, रशी, कुरडया. पंखे बंद. साहेब बनियनवर, कोनाड्यात, फक्त पाठ दिसत होती. समोरच्या घरातला कूलर आम्हाला ऐकू येत होता.

मामा थोडा वेळ घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "सुधाकर, लाइट शे का नही?"

"लाइट आहे ना, मामा," कोनाड्यातून आवाज.

"मंग पंखा बिघडी गया का?"

"पंखा उत्तम आहे."

"मंग फिरस का नही?"

"त्याला अजून आदेश पोहोचला नाही."

मामांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंचायत समितीत उभी हयात गेलेला माणूस. म्हणाले, "आदेश लागस का? मंग अर्ज करू का मी?"

आमचे हे हसले आणि त्यांना ठसका लागला. माय हसली नाही. ती उठली, सुपलीसारखं एक पुठ्ठ्याचं झाकण शोधून आणलं आणि भावाच्या पाठीशी बसून वारा घालू लागली. ते झाकण साहेबांच्याच कसल्यातरी खोक्याचं होतं. त्या म्हातारीने जेवण संपेपर्यंत हात थांबवला नाही, आणि आत पोरगा तिच्या घराशी इंग्रजीत भांडत होता.

मामा चपला घालत होते तेव्हा सगळे पंखे एकदम सुरू झाले. बैठकीतला टीव्ही लागला, न्हाणीघरातला गिझरही लागला. साहेब कपाळाचा घाम पुसत बाहेर आले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "सापडला!"

मामा म्हणाले, "सापडना ते बरं झाय. आते आम्ही जातस."

मायचं आणि घराचं कधी जमलंच नाही. तिची बोली अहिराणी. साहेबांना तिची लाज वाटे. स्वतः ते बँकेत शिकलेलं कोरडं, इस्त्रीचं मराठी बोलत आणि माय चारचौघांत 'शे' म्हणाली की त्यांच्या कपाळावर आठी चढे. मॅडम आल्यापासून त्यांना एक कारणच मिळालं. "माय, घराला तुझी भाषा कळत नाही. नीट बोलायला शीक."

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. दिवेलागण झाली होती. माय डबड्यासमोर पदर सावरून उभी राहिली आणि शेजारणीला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "दिवा लाव व बाई."

डबडं म्हणालं, "माफ़ कीजिए, मुझे समझ नहीं आया।"

"तुले समजत नही ते बोलस कशाले?" माय म्हणाली.

साहेब चिडले. मग त्यांनी तिला एक वाक्य पाठ करायला लावलं, 'मॅडम, बत्ती जलाइए.' दात नसल्यामुळे मायचा 'ज' घसरायचा, मॅडम माफी मागायच्या, आणि साहेब आईला म्हणायचे, "पुन्हा म्हण." मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, सत्तरीपार बाईला तिच्याच घरात उजेडासाठी तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात ती नापास होते. हे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय?" ह्यांचं सगळ्याच बाबतीत हे म्हणणं असतं.

शेवटी साहेबांनी बोलण्याची भानगडच काढून टाकली. मायच्या वावराच्या जागी, तिच्या खोलीत, बैठकीत आणि न्हाणीघराच्या बोळात, हालचाल ओळखणाऱ्या डब्या बसवल्या. माणूस आत आलं, हललं, की दिवा-पंखा चालू. कोणी हलेनासं झालं की बंद. "आता तुला तोंडही उघडायला नको," ते आईला म्हणाले. हे त्यांना फार प्रेमळ वाक्य वाटलं असावं.

पण माय दुपारी बैठकीत माळ घेऊन बसायची. डोळे मिटलेले, बोटं तेवढी सरकताहेत. डबीला बोटं दिसत नसत. थोड्या वेळाने घर समजे की इथे कोणी नाही, आणि पंखा बंद करी. मग माय डोळे न उघडता दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवी. पंखा सुरू. पुन्हा जप. पुन्हा पंखा बंद. पुन्हा हात.

एकदा मी आमच्या खिडकीतून पाहिलं तर ती हात हलवत होती. मला वाटलं मला बोलावते आहे. लगबगीने गेले.

"काय झालं, माय?"

"काही नही व," ती म्हणाली. "घरले वाटस मी मरी गऊ. त्याले सांगी राहिनू, आजून शे."

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांना त्यातला फक्त तांत्रिक भाग ऐकू आला. "सेन्सिटिव्हिटी वाढवायला हवी," म्हणाले, आणि खिशातला टेस्टर चाचपला. ती त्यांनी वाढवली की नाही ते मला माहीत नाही. पुढे जे झालं त्यावरून नसावी.

ते झालं पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. यावलला शैलावहिनीच्या भाचीची हळद होती, ती दोन दिवस आधीच गेली होती. साहेबांची जळगावला बैठक. आईला एकटीला ठेवून कसे जाता, असं मी त्यांना फाटकापाशी विचारलं. ते म्हणाले, "एकटी कुठे? घर आहे ना सोबत." आणि फोन उंच करून दाखवला. "मला इथे सगळं कळतं. माय पाणी प्यायला उठली तरी कळतं."

दुपारी मी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या, त्या उलटायला गेले. वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात कण्हल्यासारखा आवाज आला. आधी वाटलं मांजर. मग शब्द कळले. बोरशांच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून कोणीतरी माझं नाव घेत होतं, हळूहळू, थांबून थांबून.

मी बिबड्या तशाच टाकून धावले. दार बंद. पुढच्या दाराला साहेबांनी आकड्यांचं कुलूप लावलेलं, किल्ली नाहीच. मागच्या गॅलरीला आणि खिडक्यांना गज. पडदे मोटरवर चालणारे, तेही ओढलेले. मी झरोक्याखाली जाऊन ओरडले, "माय!"

"मी पडी गऊ व," आतून आवाज आला. "उठता येत नही."

मी ह्यांना हाक मारली आणि साहेबांना फोन लावला. मागे माणसांचे हसण्याबोलण्याचे आवाज येत होते.

"बोरसे साहेब, माय आत पडल्या आहेत. दाराचा आकडा सांगा."

"पडली?" ते म्हणाले. "एक मिनिट." मग म्हणाले, "नाही वहिनी, घरात कोणी नाहीये."

"काय?"

"घर रिकामं दाखवतंय. बराच वेळ हालचाल नाही. माय मंदिरात गेली असेल."

"अहो, मला त्यांचा आवाज ऐकू येतोय!"

"सेन्सर तर शांत आहेत," साहेब म्हणाले.

माणसाच्या कानावर दुसऱ्या माणसाने इतका अविश्वास दाखवलेला मी ऐकला नव्हता. मी फोन झरोक्याकडे धरला. आत माय कण्हली. ते तिकडे पोहोचलं असावं, कारण साहेबांचा आवाज बदलला. त्यांनी आकडा सांगितला. ह्यांनी तो दाबला. कुलपाने तांबडा दिवा दाखवला आणि नकार दिला.

"घर रिकामं झालं की आकडा बंद होतो," साहेब म्हणाले. "चोरांसाठी केलंय ते. मी इथून उघडतो. थांबा." आम्ही थांबलो. "दार मला दिसत नाहीये," ते म्हणाले.

"मला दिसतंय," मी म्हटलं. "मी त्याच्यासमोर उभी आहे."

"तसं नव्हे. ऑफलाइन आहे. तुम्ही असं करा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा."

"राउटर आत आहे."

"हो का... हो." पलीकडे कोणीतरी त्यांना काहीतरी सुचवत होतं. एक जण म्हणत होता, हे कर, दुसरा म्हणत होता, ते नको. सगळी बैठक आता या प्रश्नावर बसली होती, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्यांच्यातल्या काहींना मजा येत होती. "पाच मिनिटं द्या वहिनी," साहेब म्हणाले, "सापडेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या अंगणात गेले आणि आळं खणायची पहार घेऊन आले. आपल्याला काय करायचंय म्हणणारा माणूस. पहार त्यांनी सरळ दाराच्या फटीत घातली.

"कसला आवाज येतोय?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"दार तोडतोय आम्ही."

"अहो, नको! तोडू नका! त्याची गरज नाही, मी उघडतोच आहे..."

मी फोन बंद केला. आयुष्यात काही कामं करताना समाधान वाटतं, त्यातलं ते एक.

दार बरंच चिवट निघालं. समोरच्या घरातले दोघे आले, त्यांनीही जोर लावला, तेव्हा ते चौकटीसकट कराकरा उपटून आलं. आत भट्टीसारखी धग होती. घर रिकामं समजून घराने पंखे बंद केले होते, पडदे ओढले होते. आम्ही आत पाऊल टाकलं आणि आमच्या हालचालीने सगळं जागं झालं. दिवे लागले, पंखे फिरू लागले, आणि बैठकीतलं डबडं गोड आवाजात म्हणालं, "घर में आपका स्वागत है।"

माय न्हाणीघराच्या बोळात कुशीवर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, एक हात अंगाखाली. ओठ सुकलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्याने ओठ ओले केले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पहिलं वाक्य जे बोलली ते ऐकून ह्यांनी तोंड फिरवलं.

"माले हात हालावता उना नही," ती म्हणाली. हात हलवता आला नाही, ही जणू तिचीच चूक होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. साहेब दिवस मावळता जळगावहून पोहोचले. हे तेव्हा कपडे घ्यायला घरी आले होते, त्यांनी स्वतः पाहिलेलं सांगते. साहेब आधी घरी आले. दारापाशी उकिडवे बसले. कुलूप उचललं, उलटंपालटं केलं.

"बोर्डच फुटलाय," ते म्हणाले. "दार तोडायला नको होतं. मी अगदी जवळ आलो होतो."

हे म्हणाले, "साहेब, तुमची आई दवाखान्यात आहे."

"हो, तिकडेच निघालोय," साहेब म्हणाले, आणि कुलूप रुमालात गुंडाळून बरोबर घेतलं.

शैलावहिनी रात्रीच यावलहून आली, हातांना हळदीचा पिवळेपणा तसाच. ती भांडली नाही. मी वाट पाहत होते की आता तरी बोलेल. ती मायच्या उशाशी बसून राहिली. माय शुद्धीवर आली, डॉक्टर 'आता काळजी नाही' म्हणाले, त्याच दिवशी शैलावहिनी घरी आली, पदर खोचला आणि कॉलनीतल्या वायरमनला बोलावून घेतलं. म्हणाली, "प्रत्येक खोलीत बटणं बसवा. दाराशी, पलंगाशी, न्हाणीत खाली हाताला येतील अशी."

साहेब मध्ये आले. "ए, भिंती खराब होतील."

"होऊ द्या," ती म्हणाली. "भिंतीच आहेत त्या."

"आणि सिस्टिमचं काय?"

"ती तुम्ही जिन्याखाली चालवा."

वायरमनने छिन्नी लावली. साहेब कोनाड्यात जाऊन बसले. त्यांना कोणी तिथून उठवलं नाही. शैलावहिनीने संध्याकाळी गॅलरीतली डब्यांची मांडणी एकटीने ओढत स्वयंपाकघरात आणली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू द्या, मला येतं." ती पुढे साहेबांना सोडून वगैरे गेली नाही. आपल्याकडच्या बायका अशा कारणांसाठी जात नाहीत. त्यांनी 'ए' म्हटलं की ओ देणं मात्र तिने बंद केलं. साहेबांना आधी वाटलं तिला कमी ऐकू येतं. मग एक दिवस मी त्यांना "शैला, चहा देतेस का?" असं म्हणताना ऐकलं. एखादा अवघड पासवर्ड आठवून म्हणावं तसं म्हणाले, पण म्हणाले.

माय त्या घरात परत आली नाही. तिची मुलगी पुष्पा दोंडाईच्याला असते, नवऱ्याचं किराणा दुकान आहे. ती दवाखान्यातूनच आईला घेऊन गेली. भावाला म्हणाली, "दादा, मी नेते आहे, विचारत नाहीये."

पुढच्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीकडे दोंडाईच्याला कार्य होतं. ते उरकून मी मायला भेटायला गेले. ती ओसरीवर उन्हात बसली होती, जवळ चार पायांचा आधार, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी अहिराणीत बोलत होती. प्रत्येक जण तिला उत्तर देत होता. तब्येत सुधारली होती. सुधाकर येऊन गेला आत्ताच, म्हणाली. चहा झाला, मी निघाले.

बसस्टँडवर आले तर साहेब बाकड्यावर. मांडीवर एक नवं कोरं खोकं, दोन्ही हातांनी धरलेलं. खिशात टेस्टर होताच. मला पाहून सरकले, जागा केली.

"वहिनी, हे बघा," ते लगेच म्हणाले. "कॅमेरा. मायच्या खोलीत लावायला आणला होता. नुसता कॅमेरा नाही, यातून बोलता येतं. मी धुळ्यात बसून तिला बघू शकतो, तिच्याशी बोलू शकतो. यात सेन्सरची भानगडच नाही."

"मग लावला नाहीत?"

"लावू देईल तर ना! पुष्पा तर पुष्पा, मायही ऐकत नाही. गेल्या रविवारी नाही म्हणाली, त्याच्या आधीच्या रविवारी नाही म्हणाली. आज काय म्हणाली माहितीये?" त्यांनी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, पण तोंड वाकडं करून. "'तुले देखानं व्हई ते ये ना.' बघायचं असेल तर ये म्हणे! आता या बाईला काय समजवायचं? बघायला यावं लागू नये म्हणूनच तर कॅमेरा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, पुढच्या रविवारी परत येतो. समजावून सांगतो. ती तयार होईपर्यंत यावंच लागणार." ते वैतागाने म्हणाले. "एस्टीत हाडं खिळखिळी होतात, वहिनी. येऊन करायचं काय, तर तिच्याजवळ बसायचं. ती भाजी निवडते, मला शेंगा सोलायला देते. दिवसच्या दिवस जातो."

माय कॅमेरा कधीच लावू देणार नाही, हे मला कळलं. त्यांना कळलं नव्हतं, आणि मी काही ते सांगणार नव्हते.

धुळ्याची बस लागली. माणसं दाराशी घुसू लागली. साहेबांनी खोकं छातीशी धरलं आणि गर्दीत शिरले. पायरीवर पाय ठेवता ठेवता ते पुढच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "जरा सांभाळून, आत कॅमेरा आहे, आईसाठी आहे."